लिंबूटिंबूंचे मैदान

ज्यांनी लहानपणी गल्लीत किंवा देवळाच्या अंगणात डाव मांडला आहे, त्यांना ‘लिंबूटिंबू’ हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. थोरला खेळायला निघाला की धाकटा भोकाड पसरून मागे लागायचा, आई आतून ओरडायची, ‘त्यालाही घे रे!’ आणि मग नाइलाजाने त्याला डावात घेतले जायचे. पण लिंबूटिंबू म्हणून. त्याने धावायचे, ओरडायचे, धूळ अंगावर घ्यायची. मात्र तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याने कोणाला बाद केले तरी त्याची मोजदाद नाही. या व्यवस्थेत माणुसकी होती, हे मी नाकारत नाही. तथापि आपण खेळात आहोत असे सारे म्हणत असताना आपण खेळात नाही, हे एकट्या लिंबूटिंबूला पक्के ठाऊक असे.

आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे तो इतिहास दूरच्या अमेरिकेतील, आणि तोही बेसबॉलसारख्या आपल्याला फारशा परिचित नसलेल्या खेळाचा. त्या देशात मुलांच्या बेसबॉलचे वयोगट कसे पडले आणि त्यांच्या बॅटा, बूट, शिरस्त्राणे यांचे नियम कसे घडले, एवढाच विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु मुलाचे शरीर किती, त्याचे बळ किती, त्याने किती धोका पत्करावा आणि हे ठरवायचे कोणी, हे प्रश्न किरकोळ नाहीत. आणि ते एखाद्या बालशिक्षणाच्या परिषदेपेक्षा या खेळाच्या मैदानावरच अधिक उघडेपणाने लढवले गेले, असे माझे मत आहे.

क्रिकेट जाणणाऱ्यांसाठी बेसबॉलची ओळख थोडक्यात करून देतो. मैदानात एक चौरस आखलेला असतो. त्याच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात. मोठ्यांच्या खेळात या चौरसाची प्रत्येक बाजू ९० फूट. एका कोपऱ्यावर फलंदाज बॅट घेऊन उभा राहतो, आणि चौरसाच्या मध्याजवळून, ६० फूट ६ इंचांवरून, पिचर त्याच्याकडे चेंडू फेकतो. चेंडू टप्पा न घेता सरळ येतो. फटका मारून फलंदाज पहिल्या बेसकडे धावतो. तो पोहोचण्यापूर्वी क्षेत्ररक्षकाने चेंडू तेथे पोहोचवला तर फलंदाज बाद. साऱ्या खेळाची गंमत या शर्यतीत आहे. एकीकडे पाय, दुसरीकडे हात. ९० फूट हे अंतर असे काही जमून गेले आहे, की चांगला धावणारा आणि चांगला फेकणारा यांच्यातील निकाल पुष्कळदा एका पावलाने लागतो.

आता या चौरसात दहा वर्षांचा मुलगा उभा करा. त्याला ९० फूट धावायला फार वेळ लागतो. क्षेत्ररक्षक मुलाचा हात तेवढ्या लांब पोहोचत नाही. पिचरचा चेंडू साठ फुटांवर येईतो मरतो. शर्यत नाहीशी होते, आणि जे उरते ती बेसबॉलची सावली. मुलांनी मोठ्यांचे मैदान, मोठ्यांची बॅट आणि मोठ्यांचे फाटके हातमोजे घेऊन खेळावे, मोठे होईपर्यंत त्यांनी वाट पाहावी, अशीच अमेरिकेतही रीत होती. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने १९२५ पासून किशोरांसाठी सामने सुरू केले होते खरे. पण ती मुले मिसरूड फुटलेली. दहा-बारा वर्षांच्या पोराचा विचार तेथेही नव्हता. मी शाळेत असताना आमच्या संघाकडे पॅडची एकच जोडी होती आणि ती माझ्या मांड्यांपर्यंत येई. धाव घेताना मी पळत नसे, पॅडच मला घेऊन पळत. त्यामुळे ही अडचण मला समजून घ्यायला फारसे पुस्तकी ज्ञान लागले नाही.

पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचे लाकूड-वखारींचे एक गाव आहे. तेथे १९३८ च्या ऑगस्टमध्ये कार्ल स्टॉट्झ हा विशी सरत आलेला साधा कारकून आपल्या दोन भाच्यांबरोबर अंगणात चेंडू झेलत होता. चेंडूमागे धावताना छाटलेल्या लायलॅकच्या झुडपाचे खुंट त्याच्या घोट्याला लागले. तो शेजाऱ्याच्या पायरीवर दुखरा पाय धरून बसला, आणि या पोरांच्या मापाचा बेसबॉल का असू नये, हा विचार त्याला तेथे सुचला. झाडाखाली बसलेल्या न्यूटनची जशी कथा, तशी ही लिटल लीगची कथा. मला त्या झुडपापेक्षा पुढच्या गोष्टीचे अधिक कौतुक वाटते. त्याने शेजारपाजारची मुले गोळा केली, त्यांना धावायला आणि फेकायला लावले, आणि बेस पुढेमागे सरकवत राहिला. कुठवर, तर मुलाचे पाय आणि मुलाचा हात यांची शर्यत पुन्हा रंगू लागेपर्यंत. ते अंतर ६० फूट निघाले. म्हणजे मोठ्यांच्या दोनतृतीयांश. त्याने कोणत्या कोष्टकातून हे काढले नाही. मुलांनाच विचारून काढले, फक्त तोंडाने नव्हे.

पैशांसाठी छप्पन्न ठिकाणी नकार ऐकल्यावर सत्तावन्नाव्या ठिकाणी, एका दूध डेअरीत, त्याला होकार मिळाला असे सांगतात. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला; लंडी लंबर या वखारीच्या संघाने लायकॉमिंग डेअरीच्या संघाचा २३ विरुद्ध ८ असा पराभव केला. डाव नऊऐवजी सहा. संघ अवघे तीन. पण त्या दिवशी त्या मैदानावर एकही लिंबूटिंबू नव्हता.

एक गोष्ट मात्र स्टॉट्झने लहान केली नाही, ती म्हणजे चेंडू. मैदान आटले, बॅट हलकी झाली, पण चेंडू तोच राहिला: ५ ते सव्वापाच औंस वजनाचा, ९ ते सव्वानऊ इंच घेराचा, कातडी शिवलेला टणक गोळा. आजही लिटल लीगचा चेंडू याच मापाचा आहे. खरा चेंडू हवा, म्हणजे खेळ खरा, ही त्यामागील भावना मुलांना ताबडतोब पटण्याजोगी होती. जपानने नेमका उलटा मार्ग धरला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस क्योटो शहरात सुझुका साकाए या गृहस्थाने मुलांसाठी रबराचा पोकळ चेंडू करवला, कारण कातडी चेंडू धोक्याचा आणि महागही होता. त्यातून तेथे रबरी चेंडूच्या बेसबॉलचा एक स्वतंत्र संप्रदायच उभा राहिला, आणि मोठी माणसेही तो खेळू लागली. आपल्या गल्लीतील रबरी चेंडूच्या क्रिकेटला कोणी नियमावली लिहून दिली नाही, एवढाच फरक. अमेरिकेने खरा चेंडू ठेवला, आणि म्हणून पुढे चेंडूपासून मुलाला वाचवण्याचे नियम तिला एकामागून एक करावे लागले.

प्रथम बूट. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये तळाला धातूचे खिळे असलेले बूट वापरतात आणि बेसवर घसरत येणाऱ्या खेळाडूच्या त्या खिळ्यांनी पोटऱ्या फाटल्याच्या गोष्टी जुने लोक चवीने सांगतात. मुलांच्या विभागांत हे खिळे बंद. रबरी तळवेच चालतात. १९४८ साली युनायटेड स्टेट्स रबर कंपनी या संस्थेच्या पाठीशी उभी राहिली आणि तिने मुलांच्या संघांना आपले बूट पुरवले. रबराच्या कारखान्याला रबरी बुटांच्या खेळात रस वाटावा यात नवल नाही. हित आणि व्यापार एकाच बुटात पाय घालून आले, आणि दोन्ही पाय काही काळ सुखाने नांदले. १९५२ साली त्याच कंपनीतील पीटर मॅकगव्हर्न लिटल लीगचे अध्यक्ष झाले. आपण उभ्या केलेल्या गावच्या खेळाचा हा देशव्यापी बाजार होतो आहे असे स्टॉट्झला वाटू लागले. १९५५ मध्ये प्रकरण कोर्टात गेले आणि तो आपल्याच संस्थेतून बाहेर पडला. गावात राहून त्याने जुन्या पद्धतीने आपली छोटी लीग चालवली. हा प्रसंग मी येथेच सोडतो. त्याची बाजू घ्यावी असे वाटते, पण पुढची जी सुधारणा सांगणार आहे ती त्या मोठ्या, पैसेवाल्या संस्थेनेच केली, हेही विसरून चालणार नाही.

१९५५ मध्येच क्रेटन हेल नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ या संस्थेत संशोधक म्हणून आले. त्यांनी घड्याळ आणि यंत्रे घेऊन मुलांची प्रतिक्रिया मोजली. पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर तेव्हा ४४ फूट होते. ते त्यांनी ४६ करवले. दोन फुटांनी काय होते, असे आपण म्हणाल. आपणच हिशेब करू. ताशी ७० मैल वेगाचा चेंडू ४६ फूट यायला सुमारे पंचेचाळीस शतांश सेकंद घेतो. मोठ्यांच्या साठ फूट सहा इंचांवरून तेवढ्याच वेळात चेंडू यायचा तर त्याचा वेग ताशी ९२ मैल हवा. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाने ताशी सत्तरने चेंडू टाकला, तर समोरच्या बारा वर्षांच्या मुलापुढे व्यवसायी खेळाडूपुढील संकटच उभे राहते. आणि पापणी लवते न लवते तोच निर्णय घ्यायच्या त्या वेळात दोन फूट म्हणजे पुष्कळ झाले.

हेल यांचे दुसरे काम अधिक प्रसिद्ध आहे. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये रे चॅपमन या नामांकित खेळाडूच्या डोक्याला चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. एवढे होऊनही मोठ्यांच्या खेळात शिरस्त्राण सक्तीचे व्हायला पन्नास वर्षे लागली. डोक्याला टोप घालणे म्हणजे भित्रेपणा, ही समजूत त्या धंद्यात फार घट्ट होती. मुलांच्या बाबतीत हा मानापमानाचा प्रश्न नव्हता. १९५० चे दशक संपता संपता हेल यांनी दोन्ही कान झाकणारे शिरस्त्राण तयार केले आणि ते मुलांच्या डोक्यावर आले. व्यवसायी खेळात शिरस्त्राण सर्वांनाच सक्तीचे झाले ते १९७१ पासून, तेही जुन्या खेळाडूंना सवलत देऊन. आणि नव्या खेळाडूंना निदान एक कान झाकण्याची सक्ती झाली १९८३ मध्ये. म्हणजे या एका गोष्टीत बापाने मुलाचे अनुकरण केले. पुढच्या बेसकडे डोके पुढे करून सूर मारायला बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना बंदी आहे. आपली पाळी येण्यापूर्वी मैदानाच्या कडेला उभे राहून बॅट फिरवायलाही बंदी आहे. कॅचरच्या जाळीदार मुखवट्याला गळ्याचे रक्षण करणारी लोंबती पट्टी हवीच. असे नियम वाचताना कंटाळा येतो. पण प्रत्येकामागे कोणाचा तरी फुटलेला ओठ किंवा दुखावलेला गळा असावा, असे धरून ते वाचले म्हणजे कंटाळा राहत नाही.

याच हेल यांच्या हातून दुसरी गोष्टही घडली, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग गावी कॅथरीन जॉन्स्टन नावाच्या मुलीने वेण्या कापून, ‘टबी’ असे मुलाचे नाव घेऊन संघात प्रवेश मिळवला होता. निवड झाल्यावर तिने खरे सांगितले आणि तिच्या प्रशिक्षकाने तिला तो हंगाम खेळू दिले. पुढच्याच वर्षी मुलींना बंदी करणारा नियम आला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतील होबोकनच्या मारिया पेपे हिने तीन सामने खेळल्यावर वरून धमकी आली, की या मुलीला काढा, नाहीतर तुमच्या गावाची मान्यता जाईल. स्त्रियांच्या एका राष्ट्रीय संघटनेने तिच्या वतीने दाद मागितली. सुनावणीत लिटल लीगच्या बाजूने साक्षीला आले ते डॉक्टर हेल. मुलींची हाडे मुलांच्या हाडांपेक्षा लवकर मोडतात, असे त्यांनी सांगितले, आणि आधाराला मृतदेहांच्या हाडांवर झालेल्या जपानी अभ्यासाचा दाखला दिला. उलट बाजूने डॉक्टर जोसेफ टॉर्ग हे अस्थिवैद्य आले. आठ ते बारा या वयात मुलींचे हाड कोणत्याही प्रकारे कमी नाही, असे त्यांचे म्हणणे. सिल्व्हिया प्रेस्लर यांनी १९७३ च्या नोव्हेंबरात मुलींच्या बाजूने निकाल दिला, आणि १९७४ मध्ये मुलींना दार उघडले.

ज्या विद्येने टोप घडवला तीच विद्या दाराला कडी लावण्यासाठी कशी वापरता आली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. हेल लबाड होते असे मला वाटत नाही. मुलांच्या डोक्याविषयी त्यांनी स्वतः मोजले होते. मुलींच्या हाडांविषयी त्यांनी दुसऱ्याचे मोजलेले उचलले, आणि तेही आधी निष्कर्ष ठरवून. पुढे आपली नातही खेळते, असे त्यांनी मारियाला भेटून सांगितले. मारियाला मात्र निकालाचा उपयोग झाला नाही. निकाल येईतो तिची बारा वर्षे उलटून गेली होती. २००४ च्या स्पर्धेत तिच्या हातून समारंभाचा पहिला चेंडू टाकवला गेला. आणि २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिसने त्याच स्पर्धेत ताशी ७० मैलांनी चेंडू टाकून प्रतिपक्षाला एकही धाव मिळू दिली नाही. आपण मघाशी केलेला हिशेब तिच्याच चेंडूचा होता.

आता बॅट. लाकडाची बॅट मोडते, आणि गावोगावच्या संघांना हा खर्च जड जातो. म्हणून १९७१ मध्ये लिटल लीगने अॅल्युमिनियमच्या बॅटला मान्यता दिली. ती मोडत नाही, हलकी असते, आणि अशक्त मुलालाही ती वेगाने फिरवता येते. सद्हेतूने केलेला हा नियम होता, आणि त्याचा परिणाम कोणी आधी पाहिला नव्हता. पोकळ धातूची नळी चेंडू लागताच किंचित दबते आणि स्प्रिंगसारखी उलटते; लाकूड अशी उलटी लाथ मारत नाही. कारखानदारांच्या हे ध्यानात येताच स्पर्धा सुरू झाली. भिंत अधिक पातळ, मिश्रधातू अधिक चिवट, पुढे कार्बनच्या धाग्यांच्या बॅटा. या शेवटच्यांचा तर असा चमत्कार, की वापरून थोड्या खिळखिळ्या झाल्या म्हणजे त्या जास्तच जोराने मारतात. ४६ फुटांवरून चेंडू सोडून पुढे झुकलेल्या पिचर मुलाकडे हा फटका परत येतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर टोप नसतो. टोप फलंदाजाच्या डोक्यावर असतो.

२००६ मध्ये न्यू जर्सीतील मुलांच्या एका सामन्यात धातूच्या बॅटवरून आलेला चेंडू बारा वर्षांच्या पिचरच्या छातीवर बसला. हृदयाचा ठेका नेमक्या घातक क्षणी चुकला. मुलगा जगला, पण मेंदूला कायमची इजा झाली. कुटुंबाने बॅटचा कारखानदार, विकणारे दुकान आणि अशा बॅटांना मान्यता देणारी संस्था म्हणून लिटल लीग यांच्यावर दावा केला; २०१२ मध्ये १ कोटी ४५ लाख डॉलर्सवर तडजोड झाली. २००७ मध्ये न्यूयॉर्क शहराने हायस्कुलांच्या सामन्यांत धातूच्या बॅटांवर बंदी घातली. लिटल लीगने २०१० च्या अखेरीस कार्बनी बॅटा थोपवल्या, आणि १ जानेवारी २०१८ पासून असे प्रमाण लागू केले, की बॅट कशाचीही असो, तिचा फटका लाकडासारखाच बसला पाहिजे. शेकडो डॉलरांच्या बॅटा त्या दिवशी निकामी झाल्या आणि आईबाप चिडले. सत्तेचाळीस वर्षे फिरून खेळ पुन्हा लाकडाच्या जोरावर आला.

बॅटचा धोका निदान डोळ्यांना दिसतो. हाताचा दिसत नाही. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पट्टा असतो. हाड तेथून वाढते, आणि साऱ्या हाडात तीच जागा नाजूक. पिचर वारंवार जोराने चेंडू टाकतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला हा पट्टा ओढला जातो. १९६० साली ब्रॉग्डन आणि क्रो या दोघा वैद्यांनी क्षकिरणांच्या चित्रांत हे पाहिले आणि त्याला ‘लिटल लीगरचे कोपर’ असे नाव दिले. ज्या संस्थेने मुलांसाठी मैदान लहान केले, तिचेच नाव एका दुखण्याला मिळाले. त्या वेळी आठवड्यात किती डाव टाकायचे याचे बंधन होते. पण एका डावात दहा चेंडू पडतात तसे चाळीसही पडतात. चेंडूच मोजावेत, ही सरळ गोष्ट नियमात यायला २००७ उजाडले. आता सात-आठ वर्षांच्या मुलाने दिवसात ५०, नऊ-दहाच्याने ७५, अकरा-बाराच्याने ८५ याहून अधिक चेंडू टाकायचे नाहीत. ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. नियम उत्तम आहे. परंतु तो एका संस्थेचा आहे. शनिवारी एका संघात ८५ टाकून रविवारी दुसऱ्या, खाजगी संघात पुन्हा टाकणाऱ्या मुलाचा हात एकच असतो, आणि मोजणाऱ्या वह्या दोन.

शेवटी वयाकडे येतो, कारण या साऱ्या मोजमापाचा पाया वय आहे. सुरुवातीला हिशेब साधा होता: बारापर्यंत लिटल लीग, पुढे काही नाही. तेराव्या वर्षी मुलगा साठ फुटांवरून एकदम नव्वद फुटांवर फेकला जाई. उथळ विहिरीत पोहायला शिकवून नदीत लोटावे तसे. म्हणून १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातीलच वॉशिंग्टन गावी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी ‘पोनी’ लीग निघाली. पोनी म्हणजे तट्टू. पुढे या मंडळींनी दर दोन वर्षांना एक पायरी बांधली, प्रत्येक पायरीला घोड्याचे नाव दिले आणि मैदान वयाबरोबर वाढवत नेले: अकरा-बारासाठी बेसमधील अंतर ७०, तेरा-चौदासाठी ८०, मग ९०. त्याच १९५१ साली न्यू जर्सीत निघालेल्या आणि पुढे बेब रूथचे नाव घेतलेल्या लीगनेही तेरा ते पंधरा हा गट उचलला. लिटल लीगने १९६१ मध्ये मोठ्यांचा विभाग काढला, पण अकरा ते तेरांसाठी सत्तर फुटांची पायरी तिने बांधली ती २०१० नंतर. आपल्या मुंबईतही लहानांची गाइल्स ढाल आणि मोठ्या मुलांची हॅरिस ढाल असे गट कित्येक पिढ्या चालत आले आहेत. मात्र दोन्हींत खेळपट्टी तीच बावीस यार्डांची. आपण वय वाटले, मैदान वाटले नाही.

वय आणि अंग ही एक नव्हेत, हेही लवकरच कळले. १९५७ मध्ये मेक्सिकोतील माँटेरे शहराची मुले अंतिम सामन्यात आली, ती प्रतिस्पर्ध्यांपेक्षा दिसायलाच इतकी चणीने लहान की पाहणाऱ्यांना कीव यावी. त्यांचा पिचर अँजेल मासियास याने एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिले नाही. ही कथा सांगून लोक म्हणतात, अंगावर काही नसते. मला तसे म्हणवत नाही. एका मासियासमागे किती लहानखोर मुलांनी बॅट खाली ठेवली असेल, ती मोजदाद कोणाकडे आहे? वर्षाच्या आतही हाच अन्याय लपलेला असतो. अमेरिकेतील मुलांच्या बहुतेक लीगांत वर्षानुवर्षे ३१ जुलै ही वयाची सीमा होती. त्यामुळे ऑगस्टात जन्मलेला मुलगा आपल्या गटात सर्वांत थोराड आणि जुलैत जन्मलेला सर्वांत कोवळा. पुढे व्यवसायी खेळाडूंचे जन्ममहिने तपासले, तेव्हा जुलैपेक्षा ऑगस्टात जन्मलेले ठळकपणे जास्त निघाले. ग्रहांनी नव्हे, नियमाने घडवलेले हे भविष्य.

आणि सीमा आली की ती चुकवणारेही आले. १९९२ मध्ये फिलिपाइन्सच्या झांबोआंगा संघाने अंतिम सामना १५ विरुद्ध ४ असा जिंकला. नंतर वय आणि वास्तव्य यांचे नियम मोडल्याचे उघड होऊन विजय काढून घेतला गेला. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील संघाचा डॅनी अल्मोंटे हा पिचर देशाचा लाडका झाला. मासियासनंतर त्या स्पर्धेत तसा निर्दोष सामना कोणी टाकला नव्हता. मग वार्ताहरांना डोमिनिकन प्रजासत्ताकात त्याचा खरा दाखला सापडला. जन्म १९८९ चा नव्हे, १९८७ चा. मुलगा बारा वर्षांचा नव्हता, चौदा वर्षांचा होता. सारे विजय रद्द झाले. बापावर आणि संघप्रमुखावर आजन्म बंदी आली. मुलाला संस्थेने दोष दिला नाही, आणि ते बरोबरच होते.

आपण मात्र येथे फार हसू नये. आपल्या सभागृहात आज बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी किती जणांचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनचा आहे, हे हात वर करायला सांगितले तर कळेल. शाळा जूनमध्ये सुरू होई, आईला तिथी आठवे पण तारीख नाही, आणि गुरुजी पेन उचलून १ जून लिहून मोकळे होत. त्या तारखेने आपल्याला नोकरी दिली आणि निवृत्तही केले. गुरुजींच्या लेखणीत कपट नव्हते, ब्राँक्सच्या बापाच्या लेखणीत होते. पण मुलगा दोन्हीकडे कागदावरच्या वयाने जगतो.

सीमेची तारीख पुढेही हलत राहिली. २००६ पासून ती ३० एप्रिल झाली. त्यामुळे मेनंतर तेरावे संपवणारी थोराड मुले ऑगस्टच्या स्पर्धेत बारांच्या गटात दिसू लागली, आणि ४६ फुटांवरून त्यांचे चेंडू पाहून जाणत्यांना हेल यांची दोन फुटे आठवली. मग पुन्हा विचार झाला आणि २०१८ पासून ३१ ऑगस्ट ही तारीख ठरली: त्या वर्षाच्या ३१ ऑगस्टला मुलाचे जे वय, तेच त्याचे लीगचे वय. आता एका रुग्णालयात ३१ ऑगस्टच्या रात्री जन्मलेले मूल आणि मध्यरात्र उलटल्यावर शेजारच्या खाटेवर जन्मलेले मूल यांच्यात खेळाच्या हिशेबाने एका वर्षाचे अंतर पडते. बारा वर्षांनी एक आपल्या गटात सर्वांत धाकटे असेल आणि शेवटचा हंगाम खेळत असेल. दुसरे आपल्या गटात सर्वांत थोरले असेल, आणि त्याला साठ फुटांच्या मैदानावर आणखी एक वसंत ऋतू मिळेल.